पोळेतले घर आणि त्याचे मोल

अहमदाबादच्या जुन्या शहरात घरांच्या खरेदी-विक्रीची मध्यस्थी करणारा जाणता दलाल गिऱ्हाइकाला घेऊन थेट घरापाशी जात नाही. पोळेच्या दरवाजाशी तो घटकाभर थांबतो. दरवाजाला कवाडे शिल्लक आहेत का, आतल्या काळ्या फळ्यावर आजची सूचना लिहिली आहे का, चबुतऱ्यात पाखरांसाठी दाणा पडला आहे का, देरासरातून घंटेचा आवाज येतो का, हे तो पाहून घेतो. नव्या वसाहतीत घराचा भाव चौरस फुटांनी ठरतो. पोळेत शेजार जागता आहे की नाही यावर भाव ठरतो. शेजार जागता असेल तर घर घर म्हणून विकले जाते. तो उठून गेला असेल तर तेच घर गोदाम म्हणून विकले जाते. या दोन भावांमधील अंतराचा विचार ज्यांच्या वाटणीला अशा घराचा हिस्सा आला आहे, त्या प्रत्येक व्यापारी कुटुंबाला कधी ना कधी करावाच लागतो.

सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीच्या पूर्व तीरावर हे शहर वसविले. तटबंदीच्या आतला भाग जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचा आहे, आणि त्यात सुमारे सहाशे पोळा आहेत. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. असा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर ठरले. या मानामागे सुलतानांच्या काळातील मशिदी आणि दरवाजे आहेत, तशी सामान्य गृहस्थांची लाकडी घरेही आहेत. बहुतेक वारसास्थळांत आज कोणी राहत नाही. हे शहर मात्र राहत्या माणसांचे आहे.

‘पोळ’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘प्रतोली’ या शब्दात सांगितले जाते. प्रतोली म्हणजे वेस, दरवाजा. मराठी वाचकाला पुण्याची आळी आणि वाडा यांचा मिलाफ डोळ्यांपुढे आणला तर पोळेची कल्पना येईल. एक दरवाजा, त्यावर पहारेकऱ्याची मेडी, आत वळणे घेत जाणारी अरुंद गल्ली, तिला फुटलेल्या लहान लहान खडक्या, मध्येच एखादा चौक, त्यात विहीर आणि कोरीव खांबावर उभा चबुतरा अशी तिची रचना असते. रात्री दरवाजा बंद झाला की सारी पोळ एका घरासारखी होई. काही पोळांमधून शेजारच्या पोळेत निघणाऱ्या गुप्त वाटाही आहेत. त्या अनोळखी माणसाला दिसत नाहीत, आणि तशा त्या दिसू नयेत म्हणूनच केलेल्या होत्या. दोशीवाडानी पोळ, झवेरीवाड, रतनपोळ, हाजा पटेलनी पोळ ही नावे ऐकताच कुठे कापडाची, कुठे जवाहिराची, कुठे एखाद्या गावमुखियाची आठवण जागी होते. ज्या पोळांत श्रावकांची वस्ती होती तेथे देरासर आणि उपाश्रय हातभर अंतरावर असत. पहाटे पूजा, दुपारी माणेकचौकात पेढी, सूर्यास्तापूर्वी घरी येऊन चौविहार, आणि चातुर्मासात साधू-साध्वींचे व्याख्यान, हा सारा दिनक्रम पायी उरकत असे. अहमदाबादचा शेअर बाजार १८९४ मध्ये याच माणेकचौकाच्या आसऱ्याने उभा राहिला. सराफीपासून समभागांपर्यंतचा व्यापार घरापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे धर्म आणि धंदा यांची वेळ एकमेकांशी भांडत नसे.

घराच्या आत शिरल्यावर दलालाची नजर आणखी बारीक होते. पोळेतील घर रस्त्याच्या बाजूने अरुंद आणि आत खोल असते. पुढे बसायचा ओटा, मग प्रवेशाची जागा, मधोमध उघडा चौक, त्याला लागून परसाळ आणि मागे ओरडा. वरचे मजले खालच्यापेक्षा थोडे थोडे पुढे आलेले असतात. समोरासमोरचे सज्जे त्यामुळे एकमेकांच्या जवळ येतात आणि भर उन्हाळ्यातही गल्लीत सावली टिकते. गरम हवा चौकातून वर निघून जाते, सावलीची थंड हवा खालून आत येते. वीज नव्हती त्या काळी घर गार ठेवण्याची ही सोय होती, आणि विजेचे बिल वाढत असताना तिची किंमत पुन्हा कळू लागली आहे.

चौकाखाली टाके असते. पावसाच्या पहिल्या सरी गच्ची धुऊन जाऊ द्यायच्या आणि त्यानंतरचे स्वच्छ पाणी तांब्याच्या किंवा अन्य नळीने त्यात उतरवायचे, ही रीत होती. चुन्याचा गिलावा केलेल्या, उजेडापासून झाकलेल्या त्या टाक्यातले पाणी वर्षभर पिण्याला पुरे. पाणी गाळून आणि उकळून पिणाऱ्या कुटुंबांना स्वतःच्या छपरावरचे, स्वतःच्या देखरेखीखालचे पाणी मिळणे ही केवळ सोय नव्हती. व्रत पाळण्याचा तो आधार होता. आज पुष्कळ घरांत टाक्यावर फरशी बसविलेली आढळते. जाणता दलाल पायाने फरशी ठोठावून पाहतो. पोकळ आवाज आला की टाके शाबूत आहे हे तो गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतो.

भिंतींत विटांच्या थरांमध्ये सागवानी तुळया बसविलेल्या असतात, आणि शेजारच्या घराशी भिंत सामाईक असते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात नदीपलीकडच्या पश्चिम भागातील कित्येक बहुमजली सिमेंटच्या इमारती कोसळल्या. जुन्या शहरातील लाकडी सांगाड्याची पुष्कळ घरे मात्र हादरली, तडकली, पण उभी राहिली. लाकूड वाकते आणि धक्का पचविते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की एकमेकांना टेकलेली घरे एकमेकांना धरून ठेवतात. याच सामाईक भिंतीमुळे एक घर पाडले की दोन्ही बाजूंची घरे उघडी पडतात. पोळेत कोणाचाही निर्णय केवळ त्याचा एकट्याचा नसतो, हे भिंतच सांगते.

जुन्या रीतींनीही हेच सांगितले होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदाबाद जिल्ह्याचा खंड १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पोळेच्या कारभाराचे वर्णन आहे. घर विकायचे किंवा गहाण टाकायचे असेल तर ते प्रथम पोळेतल्या माणसांना देऊ करावे, असा पूर्वीचा दंडक होता. घर विकले गेले की किमतीचा काही भाग पोळेच्या सामाईक फंडात जमा होई. लग्नकार्यात साऱ्या पोळेला जेवण घालण्याची अपेक्षा असे. पंच या फंडातून दरवाजाची दुरुस्ती, दिवाबत्ती आणि पहारेकऱ्याचा पगार भागवीत. गॅझेटियर लिहिले गेले तेव्हाच हे नियम सैल होऊ लागले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर शेजाऱ्याला खरेदीचा पहिला हक्क होता आणि हस्तांतरणावर शेजाराचे शुल्क होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत अशा प्रकारच्या तरतुदी पुढे आल्या. व्यापारी समाजाने त्या त्याआधी कितीतरी वर्षे चालवून दाखविल्या होत्या.

या शहराच्या व्यापारी महाजनांचा कारभार केवळ पोळेपुरता नव्हता. जवाहिरे आणि सराफ शांतिदास झवेरी यांच्या घराण्याकडे नगरशेठपद होते. १७२५ मध्ये मराठा फौजा शहरावर चालून आल्या तेव्हा शांतिदासांचे नातू नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या पदरची रक्कम देऊन शहर लुटीपासून वाचविले. कृतज्ञ व्यापाऱ्यांनी शहरात छापा पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे या घराण्याला पिढ्यान् पिढ्या देण्याचे लिहून दिले. मराठी वाचकाने ही नोंद थोडी अवघडून वाचावी लागते, कारण संकट दक्षिणेकडूनच आले होते. पुढे १७५८ पासून १८१७ पर्यंत अहमदाबादवर पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल होता. शहराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील गायकवाडांची हवेली त्या काळाची खूण आहे. पोळेचे जाड दरवाजे, मेडीवरचे पहारे आणि गुप्त वाटा कशासाठी होत्या, ते अठराव्या शतकातील या धामधुमीकडे पाहिले की उमगते.

इंग्रजी अमलात शांतता आली आणि त्याबरोबर गिरण्या आल्या. शेठ हठीसिंह केसरीसिंह यांनी दिल्ली दरवाजाबाहेर पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ भगवान यांचे संगमरवरी मंदिर बांधायला घेतले. त्यांच्या निधनानंतर शेठाणी हरकुंवर यांनी ते १८४८ मध्ये पूर्णत्वास नेले. हे भव्य मंदिर तटाबाहेर उभे राहिले, ही पुढील काळाची चाहूल होती. १८९२ मध्ये एलिस पूल झाला. १९२० च्या दशकात नदीपलीकडे प्रीतमनगरसारख्या सहकारी वसाहती उभ्या राहिल्या. त्यानंतरच्या काळात श्रावक कुटुंबे एकामागून एक पालडीकडे सरकली. मोकळी हवा, स्वतःचे अंगण, मोटार उभी करायला जागा, मुलांना शाळा, या गोष्टी पोळेला देता येत नव्हत्या. गेलेल्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. वृद्ध आईला तीन अरुंद जिने रोज चढवायला लावणे ही काही संस्कृती नव्हे.

घरे रिकामी झाली, पण देरासरे तेथेच राहिली. प्रतिष्ठित प्रतिमा सामानासारख्या हलविता येत नाहीत. पालडीतून स्कूटरवर पूल ओलांडून पूजेची वस्त्रे घेऊन येणारे श्रावक आजही जुन्या शहरात पहाटे दिसतात. ज्या पोळेत श्रावकांची घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत तेथे केसर-चंदन पुजारी घासतो आणि खर्च संघ देतो. पर्युषणात गर्दी होते, संवत्सरीला जुने शेजारी एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात आणि पुन्हा पूल ओलांडून जातात. कित्येक घरांतील लहान लाकडी घर-देरासरे या स्थलांतरात बंद झाली. तेथील प्रतिमा विधिपूर्वक संघाच्या मंदिरांत गेल्या आणि मागे रिकामे कोरीव गाभारे राहिले.

रिकाम्या घराला गिऱ्हाईक कोण असते, हे दलाल चांगले जाणतो. रतनपोळेचा कापड व्यापारी माल ठेवायला जागा शोधत असतो. माणेकचौकातल्या सराफाला सोन्याच्या कारागिरांसाठी कारखाना हवा असतो. कोणी जुने घर पाडून तेथे दुकानांची इमारत उभारू पाहतो. या साऱ्यांना ओटा, चौक आणि टाके ही वाया गेलेली जागा वाटते. राहायला येणारे कुटुंब मात्र क्वचितच येते. त्यातच बँकेच्या मूल्यनिर्धारणात जमिनीचा दर धरला जातो आणि बांधकामातून घसारा वजा होतो. शंभराहून अधिक वर्षांच्या बांधकामाचे मूल्य कागदावर जवळजवळ शून्य होते. कोरीव खांब, तीर आणि सज्जा यांना त्या तक्त्यात रकाना नसतो.

तो रकाना दुसऱ्या बाजारात सापडतो. जुन्या सागवानाला आणि कोरीव कामाला शोभेच्या वस्तूंच्या बाजारात गिऱ्हाईक असते. त्यामुळे कधी कधी उभ्या घरापेक्षा उतरविलेल्या घराचे तुकडे अधिक मोलाचे ठरतात. एखादा सज्जा कोणा दूरच्या हॉटेलात जातो, दरवाजाचे टेबल होते. पोळेच्या लाकडी वैभवाला असलेला हा सर्वांत मोठा धोका आहे. येथे आग किंवा भूकंप यांपेक्षा व्यवहारच अधिक नुकसान करतो.

अहमदाबादच्या कोरीव लाकडाची कीर्ती परदेशी पोहोचली ती मात्र निराळ्या वाटेने. न्यूयॉर्कचे कलावंत आणि सजावटकार लॉकवुड डी फॉरेस्ट १८८१ मध्ये अहमदाबादेत आले. हठीसिंह घराण्यातील मगनभाई यांच्या सहकार्याने त्यांनी येथे लाकूड-कोरीवकामाचा कारखाना उभा केला. पोळेतील घरे सजविणाऱ्या परंपरेतील कारागिरांनी कोरलेले सागवान जहाजाने अमेरिकेला जाऊ लागले. न्यूयॉर्कच्या पूर्व दहाव्या रस्त्यावर ७ क्रमांकाच्या घराला १८८७ च्या सुमारास बसविलेला कोरीव सागवानी सज्जा आजही जागेवर आहे. त्या शहराने तो परिसर ऐतिहासिक म्हणून संरक्षित केला आहे. अँड्र्यू कार्नेगी यांच्या प्रासादातील ग्रंथालयही डी फॉरेस्ट यांनीच सागवानाने सजविले, आणि तेथे आता संग्रहालय आहे. तेथे नवे काम मोल देऊन घडवून घेतले गेले आणि कारागिरांच्या पोटाला मिळाले. येथे जुने काम मोडून विकले जाते आणि कोणा कारागिराला त्यातून काही मिळत नाही.

शहराने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. महानगरपालिकेने १९९६ मध्ये वारसा विभाग सुरू केला. १९ नोव्हेंबर १९९७ पासून काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची पायी वारसायात्रा चालू आहे. ही वाट कवी दलपतराम यांच्या चौकातून आणि देरासरांवरून जाते. दोन हजारांहून अधिक घरांची श्रेणीनिहाय वारसा-यादी झाली आहे. यादीतील घर दुरुस्त करून जतन करणाऱ्या मालकाला त्याच्या न वापरलेल्या बांधकामाचा हक्क शहराच्या अन्य भागात विकण्याची सोय आहे. हस्तांतरणीय विकास हक्क या नावाने ती ओळखली जाते. या हक्काच्या पैशातून दुरुस्तीचा खर्च निघू शकतो. सिदी सय्यद मशिदीसमोरची शेठ मंगळदास गिरधरदास यांची १९२४ ची वास्तू आता हॉटेल म्हणून नांदते आहे. जुन्या शहरातील काही हवेल्यांत पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय झाली आहे. उत्तरायणाच्या दिवसांत, १४ आणि १५ जानेवारीला, पतंगांसाठी पोळेतल्या गच्च्या भाड्याने जातात; परदेशातून आलेले जुने रहिवासी त्यासाठी आनंदाने पैसे मोजतात. घर टिकवून ठेवूनही त्यातून उत्पन्न काढता येते, हे यावरून दिसते.

मात्र बहुतेक घरांचा प्रश्न दुरुस्तीच्या खर्चापूर्वीच अडतो, तो कागदपत्रांत. आजोबांच्या नावाचे घर, वाटणी कधी झालेली नाही, वारस अहमदाबाद, मुंबई, पुणे आणि अमेरिकेत विखुरलेले, तळमजल्यावर जुन्या भाड्याचा भाडेकरू, असे चित्र सर्रास आढळते. एका वारसाची सही मिळत नाही म्हणून छप्पर गळत राहते. पाचसहा पावसाळे असे गेले की तुळई कुजते, सज्जा निखळतो आणि मग घर धोकादायक ठरते. त्या टप्प्यावर विक्री ही निवड राहत नाही. ती नाइलाज होते.

म्हणून ज्यांचा अशा घरात हिस्सा आहे त्यांनी काही गोष्टी वेळीच कराव्यात. सिटी सर्व्हेच्या मिळकतपत्रिकेवर आज कोणाची नावे आहेत ते पाहावे आणि वारसनोंद पूर्ण करावी. घर वारसा-यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, हे महानगरपालिकेकडून लेखी घ्यावे. भाडेकरूचा करार आणि पावत्या एकत्र कराव्यात. जुन्या शहराच्या पुष्कळ भागांना १९९१ चा अशांत क्षेत्र कायदा लागू आहे. तेथे स्थावर मिळकतीच्या हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार टिकत नाही. छपराची डागडुजी मात्र या कशाचीही वाट न पाहता दर पावसाळ्यापूर्वी करावी. सर्व वारसांनी मिळून एकाला अधिकारपत्र दिले तर निम्म्या अडचणी तेथेच सुटतात. विकायचेच ठरले, तर बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वी पोळेतील शेजारी, संघ आणि घर राखू इच्छिणारी माणसे यांना विचारावे. कायदा आज हे सांगत नाही. पूर्वजांनी सांगितले होते, आणि त्यात त्यांचा व्यवहार बुडाल्याचे ऐकिवात नाही.

व्यापारी घराण्यांत कोणतीही मिळकत भावनेपोटी कायमची बाळगली जात नाही, आणि बाळगू नयेही. परंतु पोळेतील घराचा हिशेब मांडताना जमेच्या बाजूला काय काय लिहायचे, हे आधी ठरवावे लागते. जमिनीचा तुकडा आणि सागवानाचे वजन एवढेच लिहिले तर घर विकून टाकणे नेहमीच फायद्याचे ठरेल. टाक्यातले पाणी, सावलीची गल्ली, दोन्ही बाजूंची भिंत ज्यांच्या आधाराने उभी आहे ते शेजारी, आणि ज्या देरासरात पणजोबांनी पूजा केली तेथे उद्या सकाळी कोणी घरचे माणूस असेल की नाही, हेही लिहिले तर बेरीज निराळी येते. ती बेरीज प्रत्येक कुटुंबाने आपापली करायची आहे. मात्र ती घर उभे असतानाच करता येते.